पूर्वेकडचा मुलूख आणि डिजिटल छापचित्र : एक प्रस्तावना

निसर्गचित्र शिकणारा पुण्यातला विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी वही-रंग घेऊन निघाला की बहुधा पश्चिमेची वाट धरतो. मुळशी, पानशेत, लोणावळा, भोर. हौस दांडगी असेल तर भीमाशंकर. तिकडे डोंगर आयते उभे आहेत, पाणी आहे, पावसाळ्यात हिरव्या रंगाची उधळण आहे. काय काढावे हा प्रश्न पडत नाही, काय वगळावे एवढाच पडतो. पूर्वेला, नगर रस्त्याने शिरूरकडे किंवा सोलापूर रस्त्याने दौंडकडे, चित्र काढायला म्हणून जाणारे मोजकेच. पाऊस सह्याद्रीत रिता होतो, इकडे वाट्याला येतो तो उरलासुरला. जमीन सपाट, झाडी विरळ, डोंगर म्हणावे तर क्षितिजावर एक निळसर रेघ. ‘तिथे काढायचे काय?’ असे विद्यार्थी विचारतात, आणि ते मनापासून विचारतात.

डिजिटल छापचित्राच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांचे स्वागत मी त्याच प्रश्नापासून करतो. डिजिटल छापचित्रात भूदृश्य कसे घडते हे ज्याला मुळातून समजून घ्यायचे आहे, त्याने शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत वेगवेगळ्या ऋतूंत हिंडावे, असे माझे ठाम मत आहे. इथले रंग एकमेकांच्या इतके जवळ आहेत की छपाईतली कसलीही कसर लगेच उघडी पडते. कोकणातला गर्द हिरवा थोडा इकडचा तिकडे झाला तर डोळा खपवून घेतो. वाळलेले कुसळ, उघडा मुरूम, गावाची पांढर, उन्हाळ्यातले धुळीने भरलेले आकाश यांच्यातला फरक मात्र फार बारीक. तो कागदावर टिकला तर चित्र उभे राहते, नाही टिकला तर सगळे एकच तपकिरी होऊन बसते.

आधी क्षेत्राची हद्द सांगतो. काढलेला फोटो मोठा करून छापला की त्याचे छापचित्र होते असे नाही. जागेवर केलेली रेखाटने, कॅमेऱ्यातल्या फाइली, टॅबलेटवर पेनने ओढलेल्या रेषा, जुने नकाशे, उपग्रहाने मोजलेली उंची अशा सामग्रीतून चित्रकार संगणकावर एकेक थर चढवत रचना बांधतो, आणि ती बांधताना शाई आणि कागद सुरुवातीपासून त्याच्या डोळ्यांपुढे असतात. पडद्यावर दिसते ते चित्र अजून व्हायचे असते. कागदावर उतरलेली प्रत हेच मूळ. लाकूड, तांबे किंवा दगड यांवरून छाप घेणाऱ्यांची रीत हीच होती, म्हणून या कामाची नाळ मी फोटोग्राफीपेक्षा छपाईशी जास्त जोडतो. याबद्दल मतभेद आहेत. ते असू द्यावेत. पण अभ्यासाला लागताना छपाईच्या दारातून आत आलात तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा लवकर होतो.

ते दार पुण्यात फार पूर्वीच उघडलेले आहे. १७९० च्या दशकात, इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्या काळात, जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पेशव्यांच्या पुण्यात आला आणि शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळा सुरू झाली. तिथे तयार झालेला गंगाराम तांबट वेरूळच्या लेण्यांपर्यंत गेला आणि पाहिलेले अचूक रेखाटून आला. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या वेरूळच्या चित्रांवरून टॉमस डॅनियल याने १८०३ मध्ये लंडनला छापचित्रांचा संग्रह काढला. ती चित्रे अ‍ॅक्वाटिंट पद्धतीची होती. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवायची, मग पत्रा आम्लात बुडवायचा. राळेच्या कणांमधल्या फटींत आम्ल शिरते, तिथे खड्डे पडतात आणि त्यांत शाई धरते. आकाशाची फिकट छाया आणि लेण्याच्या तोंडातला काळोख दोन्ही या कणांच्या खेळातून निघत. दख्खनचा उजेड छापायचा तर आधी कण सांभाळावा लागतो, हे त्या कारागिरांना कळून चुकले होते.

पुढची पायरी दगडाची. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा काढली. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. शिळाछापात दगडाच्या रव्यावर तेलकट खडूने चित्र काढतात. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, आणि एकावर एक छाप घेताना केसाइतकेही सरकून चालत नाही. या चित्रांनी मराठी घरांच्या भिंती भरल्या, पण त्यांत भूदृश्य असे ते देवादिकांच्या आणि थोर पुरुषांच्या पाठीमागे. एखादे तळे, दूरवर डोंगर, कमळे. जागा हाच चित्राचा विषय असलेले छापचित्र आपल्या घरात फारसे आलेच नाही. जलरंगातले निसर्गचित्र मात्र बहरले. कोल्हापूरचे अबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी बसून पाण्यावरचा बदलता उजेड टिपत राहिले. मा. के. परांडेकरांपासून आजच्या मिलिंद मुळीकांपर्यंत ती परंपरा अखंड चालू आहे, आणि ती पाहिल्याशिवाय कोणी संगणकापुढे बसू नये. कागदाचा पांढरा कुठे राखायचा हे जलरंगासारखे दुसरे कोणी शिकवत नाही, आणि इंकजेटच्या छपाईतही पांढरा म्हणजे कोरा राहिलेला कागदच.

दौंड तालुक्याला छपाईचा स्वतःचा एक मोठा वारसा आहे, तो इथे सांगायलाच हवा. केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदन उभारले. तिथे छापखाना होता आणि तो स्त्रिया चालवत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्याच छापखान्यात छापले गेले. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. दुष्काळात आणि समाजात निराधार झालेल्या मुलींनी खिळे जुळवावेत आणि एवढा थोरला ग्रंथ छापून काढावा, ही घटना या माळावर घडली. मुद्रणकलेच्या आपल्या इतिहासांनी तिला अजून पुरेशी जागा दिलेली नाही, असे मला वाटते.

राळेचा कण, दगडाचा रवा, आणि आता शाईचा थेंब. इंकजेट प्रिंटर काही पिकोलिटरचे थेंब कागदावर उडवतो. किती उडवायचे आणि कसे विखरायचे यावर छटा ठरते. कलेसाठी या यंत्राचा वापर सुरू झाला अमेरिकेत. आयरिस नावाचे प्रिंटर मुळात छापखान्यांसाठी रंगीत प्रुफे काढायला बनवलेले होते. संगीतकार ग्रॅहम नॅश यांनी त्यावर छायाचित्रे आणि चित्रे छापायला सुरुवात केली, आणि १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात ‘नॅश एडिशन्स’ हा छापखाना उभा राहिला. त्या पहिल्या शाया रंगद्रावाच्या, म्हणजे डायच्या असत आणि उजेडात लवकर उडत. २००० च्या आसपास पिगमेंटच्या, म्हणजे रंगकणांच्या शाया मोठ्या प्रिंटरमध्ये आल्या, तेव्हा छापचित्र पिढ्यान्‌पिढ्या टिकेल अशी खात्री देता येऊ लागली. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या आयसीसी या संस्थेने ठरवलेली कलर प्रोफाइलची पद्धत तोवर रुळू लागली होती. कोणत्या प्रिंटरवर, कोणत्या कागदावर, कोणत्या शाईने कोणता रंग उमटेल याचे मोजून बनवलेले कोष्टक म्हणजे प्रोफाइल. चित्रकाराने त्याला घाबरू नये. पॅलेटवर रंग कालवताना हाताला जे कळते तेच तिथे आकड्यांत लिहिलेले असते.

शिरूरच्या किंवा दौंडच्या बाजारात ‘डिजिटल प्रिंट’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे येतो तो फ्लेक्स. वाढदिवस, जत्रा, निवडणूक, दशक्रिया विधी, सगळ्यांचा फ्लेक्स. फ्लेक्सवाल्या दुकानातला ऑपरेटर कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये ज्या वेगाने फोटो कापतो, चेहरा उजळतो, मागे सूर्योदय लावतो, ते एकदा शेजारी बसून पाहण्यासारखे असते. त्याची गरज वेगळी. रस्त्यावरून जाणाऱ्याला लांबून दिसायचे, म्हणून इंचाला थोडेच ठिपके, भडक रंग, पीव्हीसीच्या कापडावर सॉल्व्हंटची शाई. एका पावसाळ्याचे आयुष्य मिळाले तरी पुरे. गंमत अशी की या फ्लेक्सच्या मागच्या बाजूला गावाचे म्हणून जे दृश्य लावतात ते पुष्कळदा इंटरनेटवरून घेतलेले असते, बर्फाचे डोंगर किंवा केरळातले माड. ज्या गावचा फ्लेक्स, त्या गावचा माळ त्यात नसतो. फ्लेक्सला नावे ठेवायला मी हे सांगत नाही. या भागातली ती सर्वांत जिवंत छपाई आहे आणि तिचा नीट अभ्यास कोणीतरी करावा अशी माझी इच्छा आहे. पण आपल्या जमिनीचे चित्र आपल्याच भिंतीवर यावे, ही भूक तिथे रिकामी राहते. ती भागवण्याचे काम या क्षेत्राचे.

आता प्रत्यक्ष मुलखाकडे वळू. दोन्ही तालुके नद्यांनी बांधलेले. भीमा दोघांच्या मधून वाहते. रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठेचे पाणी तिला मिळते. घोडनदी शिरूरच्या कडेने येते. गावाला घोडनदी हे नावही तिच्यावरूनच. कुकडी घोडला मिळते. एवढे पाणी असूनही पुष्कळशी जमीन कोरडी, कारण पाणी नदीत आणि कालव्यात आहे, आभाळात नाही. चित्रकाराच्या दृष्टीने ही फार महत्त्वाची गोष्ट. खडकवासल्याहून येणारा मुठा कालवा दौंड तालुक्यातून जातो. त्याच्या खालच्या अंगाला उसाचे फड, वरच्या अंगाला बरड आणि बाभळी. दोहोंतली सीमा चाकूने कापल्यासारखी. निसर्गात एवढी सरळ रेघ सहसा भेटत नाही, इथे ती मैलोगणती चालते. आवर्तन सुटले, म्हणजे कालव्याला पाळीचे पाणी आले, की चाऱ्या चमकतात, पंधरवड्यात शेताची छटा बदलते. पाण्याच्या पाळीपत्रकावर इथल्या भूदृश्याचा रंग ठरतो, म्हणून चित्रकाराने ते माहीत करून घ्यावे.

हिवाळ्यात केडगाव, खुटबाव, वरवंडच्या बाजूला गुऱ्हाळे पेटतात. चिपाडाचा धूर संध्याकाळच्या थंड हवेत वर चढत नाही, शेतावर आडवा पसरतो, आणि त्यातून झाडांचे शेंडे तेवढे वर दिसतात. शिरूरकडे त्याच सुमारास कांद्याच्या लागणी चालतात. शाळू निसवलेला असतो. उन्हाळ्यात मेंढ्यांचे वाडे नांगरलेल्या रानात बसतात. रात्री तिथे बसलेल्या कळपाने जमिनीवर जो गडद गोल उठतो, तो दुसऱ्या दिवशी उंचावरून पाहिला तर अमूर्त चित्रासारखा दिसतो. कुरकुंभ आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहती, दौंड जंक्शनचे फाटत जाणारे रूळ, महामार्गावरचे ढाबे हेही भूदृश्यच आहे. ते पुसून निव्वळ माळ दाखवणाऱ्या चित्रावर माझा विश्वास बसत नाही.

एक चित्र घडताना जवळून पाहू. शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी आणि पलीकडचे पारनेरचे निघोज यांच्या मधून कुकडी वाहते. तिथे नदीपात्रातल्या बेसाल्टमध्ये रांजणखळगे आहेत. पुराच्या पाण्याबरोबर गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी हजारो वर्षे कातळ कोरला आणि माणूसभर खोलीचे खड्डे पडले. त्यांच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या, दुपारच्या उन्हात चकाकणाऱ्या. तळाशी हिरवट साठलेले पाणी. पाहणाऱ्याला वाटते कातळ काळा आहे. तसाच काळा फाइलमध्ये भरला आणि सुती मॅट कागदावर छापला तर खड्डा आणि कातळ एकमेकांत बुडून जातात. मॅट कागद चकचकीत कागदाइतका गडद काळा देऊ शकत नाही, त्याची खोलीच कमी. मग चित्रकाराला ठरवावे लागते की सर्वांत गडद काळा कोणाला द्यायचा. मी तो खळग्याच्या सावलीतल्या एका अंगालाच देतो. बाकीचा कातळ वर उचलून राखी करतो, त्यात किंचित जांभळट झाक ठेवतो, आणि घासलेल्या कडांवर कागद जवळजवळ कोरा सोडतो. प्रत्यक्षात कातळ इतका फिका नाही. पण चित्रात खड्ड्याची खोली जाणवते, आणि तिथे उभे राहिल्यावर पोटात जो खड्डा पडतो तो कागदापुढेही पडतो. पडद्यावर हे कळत नाही, कारण पडदा स्वतःच्या उजेडाने उजळलेला असतो. छोट्या पट्ट्या छापून, शाई वाळू देऊन, खिडकीपाशी नेऊन पाहाव्या लागतात.

मुरमाची गोष्ट याहून अवघड. मुरूम म्हणजे कुजलेला बेसाल्ट. त्यात तांबूस, पिवळट, राखी, कधी हिरवट कणही असतात. लांबून पाहिले की सगळे मिसळून ज्याला धड नाव देता येत नाही असा रंग होतो. असे करड्याला लागून असलेले रंग छापताना प्रिंटर सगळ्या शाया थोड्या थोड्या वापरतो, आणि त्यांतली एक जराशी जास्त झाली की माळ गुलाबी होतो किंवा शेवाळतो. दुसरी अडचण उजेडाची. दोन रंग एका उजेडात सारखे दिसतात आणि दुसऱ्यात वेगळे पडतात. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेला मुरूम अंगणात नेला की परका वाटतो. छपाईच्या जगात यासाठी ५००० केल्विनचा प्रमाण उजेड ठरलेला आहे, आणि प्रूफ तपासायला तो वापरावाच. पण मी आणखी एक सांगेन. त्या जागेवरून मूठभर मुरूम पुडीत बांधून आणा आणि प्रुफाच्या शेजारी पसरा. आठवणीतला रंग नेहमी खऱ्यापेक्षा भडक असतो, पुडीतला नसतो.

कागदही याच हिशेबाने निवडावा. दुकानात जो कागद सर्वांत शुभ्र दिसतो त्यात बहुधा चमक आणणारी रसायने घातलेली असतात. ती अतिनील किरण घेऊन निळसर उजळतात आणि काही वर्षांत थकून कागद पिवळा पडतो. निळ्या पांढऱ्यावर मुरूम आजारी दिसतो. त्यापेक्षा रसायन नसलेला, किंचित सायीच्या रंगाचा ३०० ग्रॅम वजनाचा सुती कागद बरा. फाइल किती मोठी करावी हा प्रश्न सगळेच विचारतात. ए-२ आकाराचा कागद ४२ बाय ५९.४ सेंटिमीटरचा; इंचाला ३०० ठिपके धरले तर ४९६१ बाय ७०१६ पिक्सेल लागतात. एवढी सोय झाली की आकड्यांच्या मागे धावू नये. आकाशाकडे मात्र लक्ष ठेवावे. आपल्या उन्हाळ्यातले आकाश क्षितिजापाशी धुळकट आणि वर जाताना हळूहळू निळे होते. आठ बिटांच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात, आणि अशा लांब, मंद उतारावर त्या पट्ट्यांसारख्या उघड्या पडतात. सोळा बिटांत काम करावे आणि शेवटी आकाशात अगदी बारीक कण पेरावा. राळेची पूड पेरणारे कारागीर याहून वेगळे काय करत होते?

छपाई करणाऱ्याने हवेचाही अंदाज ठेवावा. पूर्वेकडचा उन्हाळा कोरडा ठणठणीत. प्रिंटरचे हेड वाळून तुंबते, कागदावर धूळ ओढली जाते आणि छापल्यावर ती झडली की पांढरे ठिपके राहतात. पावसाळ्यात कागद फुगतो आणि हेडला घासतो. छपाईच्या खोलीत एक साधा आर्द्रतामापक टांगून ठेवावा.

प्रेरणेबद्दल विचारले तर मी आधी इनामगावचे नाव घेतो. घोडनदीच्या काठचे हे गाव शिरूर तालुक्यातले. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथले टेकाड उकरले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांचे हे काम जगभरच्या पुरातत्त्वज्ञांना ठाऊक आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० पर्यंत इथे शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यांनी पाण्यासाठी पाट काढला होता. त्यांची जोर्वे पद्धतीची भांडी तांबड्या अंगाची, त्यावर काळ्या रंगात आडव्या रेघा, त्रिकोण, जाळ्या. वस्तीचा शेवटचा काळ हलाखीचा. ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि ढवळीकरांनी त्याचे कारण वाढत्या कोरडेपणात शोधले. या भूमीतला दुष्काळ आजचा नाही. ते टेकाड चढताना पायाखाली राखट पांढर लागते, समोर नदी, पलीकडे ऊस. एकाच नजरेत तीन हजार वर्षे येतात. माझ्या छापचित्रांतले तांबडे-काळे त्या खापरांवरून आले आहेत. थर चढवत चित्र बांधण्याची पद्धत मी संगणकावर शिकलो, पण थर म्हणजे काय हे कळले ते उत्खननाचे छेद पाहून.

दुसरी प्रेरणा आकड्यांची. २००० च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अंतराळयानाने रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ती माहिती आज कोणालाही फुकट मिळते आणि तिच्यातून समोच्च रेषा काढता येतात. सह्याद्रीत या रेषा दाट, ठसठशीत येतात. दौंडच्या सपाटीवर मात्र काहीतरी वेगळेच घडते. जमिनीचा खरा चढउतार इतका थोडा की मापनातली कुजबुज त्याच्या बरोबरीची होते. उसाच्या फडाची उंचीही काही अंशी जमिनीत मिसळते. रेषा थरथरतात, तुटतात, उगाच बेटे करतात. नकाशा करणाऱ्याला ही चूक, ती त्याने पुसावी. चित्रकाराने ती ठेवावी असे मी म्हणेन, कारण सपाट रानात उन्हाच्या झळांमधून क्षितिज असेच थरथरताना दिसते.

मोठ्या चित्रकारांकडून काय घ्यावे? जपानचे हिरोशी योशिदा यांनी १९२६ मध्ये शिडाच्या होड्यांचे एकच दृश्य त्याच लाकडी ठशांवरून सकाळ, दुपार, धुके, रात्र अशा वेगवेगळ्या रंगांत छापले. ते पुढे भारतातही हिंडले आणि ताजमहालाची त्यांनी दिवसाची आणि रात्रीची छापचित्रे केली. ठसा एक, वेळा अनेक, ही कल्पना डिजिटल फाइलला जशी साजते तशी दुसऱ्या कशाला नाही. इंग्लंडच्या डेव्हिड हॉकनी यांनी २०११ मध्ये यॉर्कशायरमधल्या वोल्डगेट या साध्या रस्त्यावर वसंत कसा येतो ते आयपॅडवर काढले आणि मोठ्या कागदांवर छापले. त्या रस्त्यात पाहण्यासारखे काही आहे असे आधी कोणाला वाटले नसते. आपल्याकडे अकबर पदमसी यांनी १९७० पासून ‘मेटास्केप’ रंगवली. सूर्य, चंद्र, माती, पाणी आणि नकाशात कुठेच न सापडणारी भूमी. उतारवयात ते संगणकाकडे वळले आणि त्यावर छापचित्रे केली. त्या वयातल्या माणसाने नवे साधन इतक्या उत्सुकतेने हाती घ्यावे, याचा तरुणांनी जरूर विचार करावा.

साधने शहरातच मिळतात हीसुद्धा आता सबब नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या आवाराबाहेर पहिली फॅब लॅब २००२ मध्ये उभी केली ती इथेच. संगणकावर काढलेली आकृती यंत्राने कापून हातात घेता येते, हे पाबळच्या मुलांनी मोठमोठ्या शहरांच्या आधी अनुभवले. तिथल्यासारख्या लेझर कटरवर लाकडी ठसा कोरून तो डिजिटल छापावर हाताने दाबता येतो. जुने आणि नवे तंत्र एका कागदावर आणणाऱ्या अशा मिश्र छापचित्रांना या भागात मोठा वाव आहे, आणि मला त्यांच्याकडून फार आशा आहे.

प्रतींच्या संख्येबद्दल दोन शब्द. फाइलवरून हव्या तितक्या प्रती निघतात, मग मर्यादा कशाला, असा वाद चालतो. तांब्याचा पत्रा झिजतो, फाइल झिजत नाही, हे खरे. पण शाई बदलते, कागदाचे उत्पादन बंद होते, प्रिंटर जातो. पाच वर्षांनी त्याच फाइलवरून काढलेली प्रत पहिलीसारखी येत नाही. म्हणून चित्रकाराने प्रती आधीच ठरवाव्यात, त्या एकाच खेपेत छापाव्यात, पेन्सिलीने क्रमांक घालून सही करावी, आणि कागद, शाई, प्रोफाइल, तारीख यांची नोंद प्रत्येक प्रतीच्या पाठीवर किंवा सोबतच्या पत्रावर ठेवावी. शिळाछापांच्या बाबतीत अशा नोंदी झाल्या नाहीत, त्यामुळे आज संशोधकाला एकेका चित्राचा काळ ठरवताना घाम फुटतो.

सुरुवात करणाऱ्याने फार लांब जाऊ नये. कालवा आणि बरड जिथे भेटतात अशी एखादी जागा निवडावी, यवतपासून पाटसपर्यंत ती कुठेही सापडेल. आवर्तनाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा तिथे जावे. दोन्ही वेळा मातीची पुडी, हाताने केलेले रेखाटन आणि कॅमेऱ्याची फाइल आणावी, आणि त्या दोन दिवसांचे एकच छापचित्र करावे. छापून झाले की ते गॅलरीकडे नेण्याआधी त्या शेताच्या मालकाला, मेंढ्या घेऊन तिथून जाणाऱ्या धनगराला, कालव्यावरच्या पाटकऱ्याला दाखवावे. बांध कुठे वळतो, कोणत्या चारीला पाणी आधी येते, बाभळीची सावली त्या महिन्यात कुठे पडते हे त्यांना पाठ असते. ते बोट ठेवतील तिथे फाइल पुन्हा उघडावी. दुसरे प्रूफ त्यानंतर काढावे.